जकार्तात नेमकं कोण हरलं? कबड्डीतल्या एका पराभवाची उजळणी

  आजचा विषय मागे ट्रॅक्टरवर बसलेल्या मुलांच्याच कामाचा आहे, त्यामुळे जरा पुढे सरकून बसा म्हणजे ऐकू येईल.

विषय आहे कबड्डीचा. त्यातही जिंकलेल्या नाही, हरलेल्या कबड्डीचा. ऑगस्ट २०१८, इंडोनेशियात जकार्ता. आशियाई क्रीडा स्पर्धा. तारीख २३ ऑगस्ट : पुरुषांच्या उपांत्य सामन्यात इराणने भारताला २७-१८ असं हरवलं. दुसऱ्या दिवशी, २४ ऑगस्टला, महिलांच्या अंतिम सामन्यात त्याच इराणने भारताला २७-२४ असं हरवलं. चोवीस-तीस तासांत दोन्ही सुवर्णपदकं गेली. पुरुषांना कांस्य मिळालं, मुलींना रौप्य.

आता कुणी म्हणेल, एवढ्या जुन्या पराभवाचं काय घेऊन बसलात? २०२३ ला चीनमध्ये हांगझोऊला दोन्ही सुवर्णं परत आली की! आली. त्याबद्दलही बोलणार आहोत. पण आमचं म्हणणं असं आहे की जकार्ताच्या पराभवाची नीट चिकित्सा आपण केलीच नाही. रडलो, चिडलो, विसरलो. आणि न तपासलेला पराभव शेतातल्या हरळीसारखा असतो, वरून खुरपला तरी खाली तसाच असतो.

आधी थोडं मागे जाऊ. या खेळाचं आपलं नातं काय आहे ते समजल्याशिवाय तो धक्का किती मोठा होता ते कळणार नाही. आपल्याकडे याला हुतूतू म्हणायचे. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तिथे आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली, त्यात कबड्डी होती. पुढे शंकरराव तथा बुवा साळवींसारख्या माणसाने आयुष्य या खेळाच्या संघटनेला दिलं. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, आपल्या राज्यात कबड्डी दिन म्हणून साजरा होतो. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत हा खेळ प्रदर्शनीय म्हणून दाखवला गेला आणि १९९० ला बीजिंगमध्ये त्याला पदकाचा दर्जा मिळाला.

बीजिंगची एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्या स्पर्धेत अख्ख्या भारताला एकच सुवर्णपदक मिळालं. एकच. धावण्यात नाही, हॉकीत नाही, कुस्तीत नाही. कबड्डीत. देशाची लाज राखली ती या खेळाने. तिथून २०१४ पर्यंत पुरुषांनी सलग सात सुवर्णं घेतली. महिलांचा समावेश २०१० ला झाला, तेव्हापासून दोनपैकी दोन. म्हणजे जकार्ताला जाताना आशियाई स्पर्धेतलं कबड्डीचं प्रत्येक सुवर्ण, आजवर वाटलेलं एकूण एक, भारताकडेच होतं. अशा ठिकाणी पराभव झाला की तो खेळातला पराभव राहत नाही, घरात चोरी झाल्यासारखं वाटतं.

आणि तशीच भाषा तेव्हा वापरली गेली. 'आपला खेळ इराणने पळवला.' हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलं, काहींनी बोललंही असेल. आमचा पहिला आक्षेप याच वाक्यावर आहे. खेळ पळवता येत नाही. इराणात श्वास रोखून खेळायचा, कबड्डीचा भाऊ शोभेल असा 'झू' नावाचा जुना खेळ आहे. बांगलादेशात कबड्डी हा राष्ट्रीय खेळ आहे. आपण स्वतःच इतकी वर्षं ओरडत होतो की कबड्डी जगभर जाऊ द्या, ऑलिंपिकमध्ये जाऊ द्या. मग ती गेली, कुणीतरी मनापासून शिकलं, तर शिव्या कशाला? लेकीला सासरी पाठवायचं आणि ती तिथे रमली म्हणून रडायचं, असला प्रकार. (हशा)

बरं, आता सामन्याकडे येऊ. इथे जरा आकड्यांत शिरावं लागेल, कारण टीव्हीवरच्या चर्चेत तेवढं कुणी शिरलंच नाही.

२०१४ ला इंचिऑनमध्ये अंतिम सामना याच दोन संघांत झाला होता. भारत २७, इराण २५. घासून जिंकलो होतो. चार वर्षांनी जकार्तात इराण २७, भारत १८. हे दोन गुणफलक शेजारी शेजारी ठेवून बघा. इराणने तेव्हा पंचवीस गुण केले होते, आता सत्तावीस. त्यांच्या गुणांत फरक दोनचा. आपले मात्र सत्तावीसवरून अठरावर आले. नऊ गुणांची घट! म्हणजे इराण आपल्यावर तुटून पडलं आणि आपला बचाव कोलमडला, हे चित्र खरं नाही. आपला बचाव साधारण तेवढेच गुण देत होता जेवढे चार वर्षांपूर्वी जिंकताना दिले होते. आटली ती आपली चढाई. चाळीस मिनिटांच्या सामन्यात अठरा गुण, आणि त्यात पकडीचे गुणही आले. इराणने अंतिम सामन्यात कोरियालाही सोळावरच अडवलं आणि २६-१६ असं सुवर्ण घेतलं. त्यांचं कुंपणच तसं होतं.

यात एक आश्चर्याची गोष्ट आहे. आपण जकार्ताला जो बारा जणांचा संघ नेला तो चढाईसाठीच निवडल्यासारखा होता. कर्णधार अजय ठाकूर, परदीप नरवाल, राहुल चौधरी, रोहित कुमार, मोनू गोयत, आपला रिशांक देवाडिगा : हे सहा निखळ चढाईपटू. दीपक हुडा आणि संदीप नरवाल अष्टपैलू, त्यातला दीपक मुख्यतः चढाईचाच. निखळ बचावाला राहिले चार, त्यात आपल्या ठाणे जिल्ह्यातला गिरीश इरनाक. म्हणजे सहा-सहा नामांकित चढाईपटू बरोबर असूनही चढाईच आटली.

का आटली? मुलांनो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळेल. चढाईपटू बाद झाला की तो बाहेर बसतो, आणि आपल्या बाजूने गुण मिळाल्याशिवाय आत येत नाही. मोठा चढाईपटू बाहेर बसला तर त्याला आत आणायचं काम कोण करतं? बऱ्याचदा पकड करते. समोरचा चढाईला आला, त्याला कोपरारक्षकाने पायाला धरलं, मधल्यांनी साखळी करून दाबलं, की आपला गडी परत आत. ज्या संघाची पकड कच्ची, त्याचे सहा काय, दहा चढाईपटू असले तरी ते बाकावर बसून बघतात. इराणने नेमकं हेच केलं. आपला चढाईपटू आत घेतला, मध्यरेषेपासून तोडला, घोटा धरला, वरून दोघे पडले. त्यांच्याकडे कुस्तीची मोठी परंपरा आहे. अंगाला अंग लावायला ते बिचकत नाहीत. फजल अत्राचलीची डाव्या कोपऱ्यातली पकड तर आपल्याकडच्या पोरांनी मोबाइलवर बघून पाठ केलेली होती. म्हणजे गुपित असं काही नव्हतंच.

आणि धोक्याची घंटाही वाजली होती. उपांत्य फेरीच्या आधी, साखळीतच, दक्षिण कोरियाने भारताला २४-२३ ने हरवलं होतं. आशियाई स्पर्धेच्या इतिहासातला भारताच्या पुरुष संघाचा तो पहिला पराभव. त्याच्याही दोन वर्षं आधी, २०१६ च्या विश्वचषकात अहमदाबादला, पहिल्याच सामन्यात कोरियाने आपल्याला ३४-३२ असं हरवलं होतं. तेव्हा अंतिम सामन्यात इराणवर ३८-२९ असा विजय मिळाला आणि सगळे नाचले. कोरियाकडून झालेल्या पराभवाचं काय झालं, कुणी विचारलं नाही. जिंकणाऱ्याच्या चुका झाकल्या जातात हे गावच्या राजकारणातही आपण बघतोच.

आता त्या पराभवाचं जे कारण सर्वांत जास्त सांगितलं गेलं त्याकडे येतो. कारण असं : प्रो कबड्डी लीग. २०१४ ला लीग सुरू झाली, त्यात इराणी आणि कोरियन खेळाडू आले, आपल्या पोरांसोबत राहिले, आपले डाव शिकले आणि आपल्यावरच उलटवले. शिवाय लीगच्या पैशाने आपले खेळाडू सुस्तावले. २०१८ च्या लिलावात पहिल्यांदाच कबड्डीपटूंच्या बोली कोटीच्या वर गेल्या. मोनू गोयत १ कोटी ५१ लाख, राहुल चौधरी १ कोटी २९ लाख, दीपक हुडा १ कोटी १५ लाख, रिशांक १ कोटी ११ लाख. हे चौघेही जकार्ताच्या संघात. आणि कोटीला विकला गेलेला पहिला परदेशी खेळाडू कोण? फजल अत्राचली, आपल्याच मुंबईच्या संघाकडे.

हे कारण ऐकायला गोड आहे. लीगने इराणला अनुभव दिला हे काही अंशी खरंही आहे. पण हे कारण पुरेसं नाही, आणि ते पुरेसं नाही हे दुसऱ्याच दिवशी सिद्ध झालं. २४ ऑगस्टला मुली हरल्या. मुलींची लीग होती कुठे? २०१६ ला तीन संघांची एक छोटीशी स्पर्धा पुरुषांच्या लीगला जोडून घेतली, तीही पुढे चालली नाही. इराणच्या मुली भारतात कुठल्या लीगमध्ये खेळून डाव शिकल्या नव्हत्या. आपल्या मुलींना कोटीच्या बोली लागल्या नव्हत्या की त्या सुस्तावतील. तरीही निकाल तोच. एकाच आठवड्यात, एकाच देशाविरुद्ध, दोन्ही संघ हरतात तेव्हा कारण दोघांना लागू पडणारं शोधावं लागतं. लीगचं कारण मुलींच्या सामन्यापाशी येऊन थांबतं.

आणि मुलींच्या सामन्यातच आपल्याला, महाराष्ट्राला, विचार करायला लावणारी खरी गोष्ट आहे.

इराणच्या मुलींच्या प्रशिक्षक कोण होत्या? शैलजा जैन. आपल्या नाशिकच्या. वर्षानुवर्षं नाशिकमध्ये मुलींना कबड्डी शिकवलेल्या बाई. निवृत्तीनंतर त्यांना इराणकडून बोलावणं आलं. बाई शाकाहारी. परका देश, डोक्यावर ओढणी घेऊन मैदानात उभं राहायचं, भाषा वेगळी. त्यांनी कामापुरती फारसी शिकून घेतली. मुलींना योग आणि प्राणायाम करायला लावला. आणि दीड-एक वर्षात त्या मुलींनी, ज्या देशाने हा खेळ जगाला दिला म्हणतात त्या देशाच्या संघाला, अंतिम सामन्यात हरवलं. भारतीय संघाला शिकवायची संधी आपल्याला मिळाली नाही, याचं शल्य बाईंनी तेव्हा जाहीरपणे बोलून दाखवलं होतं.

चित्र डोळ्यांसमोर आणा. मैदानात भारताच्या बाजूला सोनाली शिंगटे, सायली केरीपाळे या आपल्या मराठी मुली. समोरच्या बाकावर शैलजाताई. सामना संपला, तिकडे इराणच्या मुली बाईंना मिठ्या मारतायत, इकडे आपल्या मुली रडतायत. त्या दिवशी काही लोकांनी बाईंना देशद्रोही वगैरे ठरवायचा आचरटपणाही केला. आमच्या मते तो सगळ्यात हलका प्रकार. शिक्षकाने शिकवायचं असतं. गावातला मास्तर बदली होऊन शेजारच्या तालुक्यात गेला आणि तिथली पोरं दहावीला पहिली आली, तर आपण मास्तरला दोष देतो का? आपण विचारतो, त्याची बदली कुणी केली?

तर हा प्रश्न विचारायचा होता. तो त्यावेळी विचारला गेला नाही. उलट कबड्डीच्या राष्ट्रीय संघटनेत काय चाललंय हे जकार्ताच्या आधीच उघड झालं होतं. जवळजवळ तीन दशकं अध्यक्षपद एकाच माणसाकडे, आणि नंतर ते त्याच घरात. निवडीत पक्षपात होतो अशी तक्रार घेऊन जुने खेळाडू दिल्ली उच्च न्यायालयात गेले. ऑगस्ट २०१८ मध्ये, संघ जकार्ताला निघायच्या तोंडावर, न्यायालयाने त्या निवडी रद्द ठरवून संघटनेवर प्रशासक बसवला. संघाला जाऊ दिलं, पण एक अट घातली : परत आल्यावर १५ सप्टेंबरला दिल्लीत, निवडलेला संघ आणि डावललेले खेळाडू यांच्यात सामना खेळवा, निवड योग्य होती का ते दिसेल. असला आदेश आम्ही तरी दुसऱ्या कुठल्या खेळात ऐकलेला नाही. कोर्टाने सांगितलं, मैदानातच पुरावा द्या! डावललेले खेळाडू ठरल्या दिवशी आले. जकार्ताला गेलेला संघ आलाच नाही.

तो सामना झाला असता तर निवडलेलेच जिंकले असते, अशीही शक्यता आहे. आम्ही ती नाकारत नाही. परदीप नरवालसारखा चढाईपटू त्या काळात देशात दुसरा नव्हता. पण सामना न झाल्याने संशय तसाच राहिला, आणि खेळाडूंवरच तो डाग राहिला. ज्यांनी घाम गाळला त्यांनाच लोक म्हणायला लागले, वशिल्याचे. संघटनेने निवड चांगली करूनही ती उघड केली नाही, निकष सांगितले नाहीत, तर नुकसान पहिल्यांदा चांगल्या खेळाडूचं होतं. हे कुणाच्या लक्षात येत नाही.

त्या वर्षीची आणखी एक नोंद. जानेवारी २०१८ ला हैदराबादला राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत महाराष्ट्राच्या पुरुषांनी, रिशांकच्या नेतृत्वाखाली, अंतिम सामन्यात सेनादलाला हरवून विजेतेपद मिळवलं. कित्येक वर्षांनी. तरीही आठ महिन्यांनी देशाच्या संघात आपले दोघेच. आम्ही इथे 'महाराष्ट्रावर अन्याय' हा पोवाडा गाणार नाही. हरयाणात कबड्डी आपल्यापेक्षा गंभीरपणे खेळली जाते, रेल्वे आणि सेनादल खेळाडूला नोकरी देतात, सराव देतात, खुराक देतात. त्यांचे खेळाडू जास्त असणार. पण विजेत्या राज्याच्या बचावफळीतल्या किती जणांना सराव शिबिरात तपासलं, एवढं तरी विचारता आलं असतं.

आता जकार्ताची एकूण पदकतालिका. स्पर्धा संपली तेव्हा भारताकडे ६९ पदकं होती, तोपर्यंतच्या कुठल्याही आशियाई स्पर्धेपेक्षा जास्त. सत्कार झाले, बक्षिसं जाहीर झाली. त्यात कबड्डीची हार बुडून गेली. एकूण बेरीज वाढली की कुठलं खातं तोट्यात आहे ते बघायचं नाही, ही आपली सवय. सोसायटीच्या वार्षिक सभेत होतं तसंच. (हशा)

मग हांगझोऊ. २०२३. पुन्हा सांगतो, दोन्ही सुवर्णं भारताची, आणि त्या खेळाडूंचं कौतुक करताना आम्ही हात आखडता घेणार नाही. मुलींचं सुवर्ण हे त्या स्पर्धेतलं भारताचं शंभरावं पदक ठरलं. संघात सोनाली शिंगटे होती, जकार्तात रडलेली तीच सोनाली, आणि पुण्याची स्नेहल शिंदे. मुलांमध्ये नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार, नाशिकचा आकाश शिंदे. अस्लमने पुढे २०२४ ला पुणेरी पलटणला लीगचं विजेतेपद मिळवून दिलं, कर्णधार म्हणून.

पण सामने कसे जिंकले? मुलींनी अंतिम फेरीत चिनी तैपेईला २६-२५ असं हरवलं. एका गुणाने. त्याच संघाशी साखळीत ३४-३४ अशी बरोबरी झाली होती. म्हणजे आता फक्त इराण नाही, तैवानच्या मुलीही दारात उभ्या आहेत. मुलांचा अंतिम सामना पुन्हा इराणशीच. २८-२८ अशी बरोबरी, सामना संपत आलेला, पवन सेहरावतची करो या मरो चढाई, तो कुणाला न शिवता राखीव पट्ट्यात गेला आणि मागोमाग इराणचे बचावपटूही. नियम जुना लावायचा की नवा, यावर पंच, प्रशिक्षक, खेळाडू सगळे भांडले. खेळाडू मैदानात बसून राहिले. तासभर सामना थांबला. शेवटी निर्णय भारताच्या बाजूने गेला आणि ३३-२९ असा निकाल लागला.

निर्णय बरोबर की चूक, यावर इथे पारावर दोन तट पडतील याची आम्हाला खात्री आहे. आम्हाला त्यात पडायचं नाही. आमचा मुद्दा एवढाच : आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात कुठला नियम लागू आहे हे पंचांना ठाऊक नसावं, आणि तो खेळ ऑलिंपिकला न्यायची भाषा आपण करावी! लीगमध्ये एक नियम, आंतरराष्ट्रीय स्पर्धेत दुसरा, गावच्या मातीतल्या स्पर्धेत तिसरा. आणि ज्याच्याकडे जगाने नियमासाठी बघायचं तो देश म्हणजे आपण.

जकार्ताला हरलो तेव्हा निदान चर्चा तरी झाली होती. हांगझोऊनंतर तीही थांबली. एका गुणाने जिंकलेलं सुवर्ण आणि तीन गुणांनी हरलेलं सुवर्ण, यात खेळाच्या दृष्टीने अंतर फार थोडं आहे. पण एकाला गुलाल लागतो, दुसऱ्याला शिव्या. २०२६ च्या आशियाई स्पर्धा जपानमध्ये आयची-नागोयाला आहेत. तिथे काय होईल ते होईल. आम्ही भविष्य सांगायला आलेलो नाही.

आता तुम्ही म्हणाल, जकार्ता, हांगझोऊ, दिल्लीचं कोर्ट, यात वडीगोद्री कुठे आली? सांगतो.

या गावाचं नाव २०२४ मध्ये उपोषणामुळे राज्यभर ऐकलं गेलं. त्या वादात आज शिरायचं नाही, दोन्ही बाजूंची माणसं समोर शेजारी बसली आहेत आणि ते आम्हाला बरं वाटतंय. पण त्या सगळ्याच्या मुळाशी नोकरी आहे, हे इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आणि आपल्या भागात पोरगा किंवा पोरगी कबड्डी खेळते तेव्हा घरच्यांच्या डोक्यात पहिलं तेच असतं. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. पोलीस भरती आहे, सैन्य आहे, रेल्वे आहे. खेळ म्हणजे इथे छंद नाही, वाट आहे. म्हणूनच त्या वाटेवर बोगस क्रीडा प्रमाणपत्रांचा बाजार भरला, आपल्या मराठवाड्यातच भरला. ज्याने कधी त्या खेळाचं साहित्य डोळ्याने पाहिलं नाही त्याच्या हातात प्रमाणपत्र, आणि जिल्ह्याला खेळलेली मुलगी भरतीच्या यादीबाहेर. दिल्लीतल्या निवडीवर आपण बोट ठेवतो ते ठेवूच, पण हे आपल्या अंगणातलं आहे.

दुसरी गोष्ट ऊसतोडीची. दसरा झाला, दिवाळी झाली की इथून, पुढे शहागडचा पूल ओलांडून गेवराई-बीडकडून, कोयते निघतात. कुणी सांगलीकडे, कुणी कर्नाटकात. काही इथेच जवळच्या कारखान्यांना. मुकादमाची उचल घेतलेली असते, जावंच लागतं. परत यायला मार्च-एप्रिल. आणि शालेय कबड्डी स्पर्धांचा हंगाम कधी असतो? तालुका, जिल्हा, विभाग, राज्य, हे सगळं पावसाळ्याच्या अखेरीपासून हिवाळ्यापर्यंत. म्हणजे पोरगी तालुक्याला जिंकते, जिल्ह्याला जिंकते, आणि विभागीय स्पर्धा येईस्तोवर ती आईबापाबरोबर फडात असते, धाकट्या भावाला सांभाळत, नाहीतर मोळ्या उचलत. तिची निवड कुणी नाकारली नाही. ती हजरच नव्हती. कागदावर तिचा 'अनुपस्थित' असा शेरा. अशा किती सोनाली आणि किती अस्लम फडात राहिले असतील याचा हिशेब कुठल्याच संघटनेकडे नाही.

आता यावर उपाय काय, असं लगेच विचारू नका, आमच्याकडे जादू नाही. पण एक गोष्ट शासनाने उद्याही करण्यासारखी आहे : स्पर्धांच्या तारखा. ऊसतोडीच्या जिल्ह्यांत तालुका ते विभाग या फेऱ्या दसऱ्याच्या आत संपवता येतात. त्याला पैसा लागत नाही, एक परिपत्रक लागतं. आणि पुढच्या फेरीला गेलेल्या मुलीला हंगामी वसतिगृहात ठेवायची सोय. ही वसतिगृहं कागदावर आहेत, काही ठिकाणी खरीही आहेत. त्यात खेळाडूचा विचार कुणी केला नाही, एवढंच.

आणखी एक, महिला खेळाडूंच्या पैशाचं. २०१२ ला पाटण्यात मुलींनी विश्वचषक जिंकला तेव्हा संघातल्या तीन मराठी मुलींना, अभिलाषा म्हात्रे, दीपिका जोसेफ आणि सुवर्णा बारटक्के यांना, राज्य सरकारने एक-एक कोटी रुपये दिले. चांगलं केलं. पण ते शिखरावर पोचल्यावरचं बक्षीस झालं. शिखराच्या वाटेवर, चौदा ते एकोणीस वयात, जेव्हा घरात लग्नाचा विषय निघतो तेव्हा, महिन्याला दोन-तीन हजार रुपये मिळाले असते तर किती घरांनी थोडं थांबायचं ठरवलं असतं? एका कोटीत असे किती महिने बसतात, गुणाकार घरी जाऊन करा.

एक चिठ्ठी आली आहे. वाचतो. 'सर, आमच्या शाळेत मॅट नाही. मातीवर सराव करून मॅटवर खेळता येतं का?' नाव लिहिलेलं नाही, अक्षरावरून नववी-दहावीतली असावीस.

येतं, पण सांभाळून. मातीत पाय घसरतो, म्हणून आपल्याला उडी घेऊन पकड करायची सवय लागते. मॅटवर बूट चिकटतो. तिथे तू त्याच वेगाने वळलीस तर पाय जागीच राहतो आणि गुडघा फिरतो. गुडघा गेला की दोन वर्षं गेली. म्हणून मातीवर सराव करतानाच थांबायची सवय लाव. पळत येऊन एका पायावर थांबायचं, डोलायचं नाही. हे रोज शंभर वेळा. दुसरं, घोट्याची पकड. चढाई करणाऱ्याचा पाय जमिनीवर असताना नाही, तो उचलायच्या बेतात असताना धरायचा. हात आधी, अंग नंतर. आणि धरल्यावर सोडायचा नाही, मागची साखळी येईपर्यंत. मागच्या मुलींनी येताना ओरडायचं, म्हणजे तुला कळेल की एकटी नाहीस. इराणच्या मुलींच्या सामन्यांचे व्हिडिओ मोबाइलवर मिळतात, ते आवाज बंद करून बघ. चढाई करणारीकडे बघू नकोस, डाव्या कोपऱ्यातल्या मुलीच्या पायांकडे बघ. आणि मॅटचं म्हणशील तर जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याच्या नावाने शाळेच्या लेटरहेडवर अर्ज करायला सांग मुख्याध्यापकांना. पोच घ्यायला विसरू नका.

दुसरी चिठ्ठी विजेबद्दल आहे, ती आमच्या हातातली गोष्ट नाही. (हशा) लाइट जायच्या आत थांबतो.